धातूंच्या वायद्यात कारखानदार कुठे आहे?

तांबे, जस्त, ॲल्युमिनियम, शिसे आणि निकेल या पाच धातूंचा व्यापार दोन रविवारांत शिकवून देण्याचा दावा करणाऱ्या जाहिराती सध्या मोबाइलच्या पडद्यावर वरचेवर दिसतात. शेअर बाजारातील वायदे आणि ऑप्शन शिकवून ज्यांनी आपले बस्तान बसवले, त्याच शिकवण्यांनी आता धातूंकडे मोर्चा वळवला आहे. त्यांचा युक्तिवाद ऐकायला सोपा आणि पटायलाही सोपा आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारी, सौर पटले, विदा केंद्रे, नवे वीजवाहक मनोरे या सगळ्यांना तांबे लागणार. खाणी मात्र एका रात्रीत निघत नाहीत. तेव्हा भाव वाढणारच. यातला पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध त्यातून आपोआप निघत नाही, कारण उद्या लागणाऱ्या तांब्याची जाणीव बाजाराला आज असतेच आणि ती आजच्या भावात बरीचशी उतरलेली असते. नवशिक्याच्या आधी ती वर्दी लंडन आणि शांघाय येथील व्यापाऱ्यांना पोहोचलेली असते.

अशा शिकवण्या बंद कराव्यात, असे मी म्हणणार नाही. सज्ञान माणसाला आपला पैसा कुठे घालायचा हे ठरवण्याचा अधिकार आहे. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. मूलतत्त्वे म्हणून जे शिकवले जाते ते आलेखापासून सुरू होते आणि आलेखापाशीच संपते. करारातील अटी, गोदाम, डॉलरचा दर आणि वितळणाऱ्या धातूचा प्रवास त्यात नसतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यांना हे ज्ञान खरोखर हवे, म्हणजे ज्यांच्या भट्टीत, यंत्रावर आणि हातात रोज धातू असतो, ते लोक या वर्गांत कुठेच नसतात. धातूंचे वायदे सुरू करताना देशाला जे आश्वासन दिले गेले होते, ते मुख्यतः त्यांच्यासाठी होते.

आधी मूलतत्त्वांकडे पाहू. मुंबईच्या मल्टी कमोडिटी एक्स्चेंजवर, म्हणजे एमसीएक्सवर, तांब्याचा मुख्य वायदा अडीच टनांचा असतो आणि भाव किलोमागे सांगितला जातो. हिशेबाला सोपे जावे म्हणून भाव हजार रुपये किलो धरू. एका वायद्याची किंमत झाली पंचवीस लाख रुपये. एवढी रक्कम कोणी भरत नाही. अनामत, म्हणजे ज्याला बाजारात मार्जिन म्हणतात, तेवढी भरावी लागते. ती बाजारातील चढउतारांनुसार कमीजास्त होते. समजा, दहा टक्के आहे. म्हणजे अडीच लाख रुपयांत पंचवीस लाखांच्या तांब्यावर आपले नाव लागले. आता भाव तीन टक्क्यांनी, म्हणजे तीस रुपयांनी उतरला. तांब्याच्या बाबतीत ही फार मोठी उलथापालथ नव्हे. तोटा झाला पंच्याहत्तर हजारांचा, आणि तो अडीच लाखांतून गेला. तांबे तीन टक्क्यांनी पडले आणि माणूस तीस टक्क्यांनी. हा तोटा सौद्याच्या अखेरीस नव्हे, त्याच संध्याकाळी खात्यातून वळता होतो आणि खड्डा भरून काढण्याचा निरोप येतो. तो भरला नाही, तर दलाल सौदा मोडून टाकतो. पुढच्या आठवड्यात भाव पुन्हा वर गेला तरी त्या माणसाला त्याचा उपयोग नसतो; तो तेव्हा बाजारात उरलेला नसतो. अंदाज बरोबर येऊनही पैसे बुडणे शक्य आहे, ही गोष्ट कोणत्याही शिकवणीत पहिल्या तासाला सांगितली पाहिजे.

दुसरे मूलतत्त्व म्हणजे भाव कुठे ठरतो. भारतात तो ठरत नाही. ॲल्युमिनियमच्या उत्पादनात आपला देश चीनखालोखाल जगात दुसरा आहे, जस्ताच्या मोठ्या खाणी राजस्थानात आहेत, तरी या धातूंचे आधारभाव लंडन मेटल एक्स्चेंजकडे पाहूनच ठरतात. १८७७ मध्ये स्थापन झालेल्या त्या बाजाराची मालकी २०१२ पासून हाँगकाँगच्या बाजाराकडे आहे. आणि जगातील निम्म्याहून अधिक तांबे वापरणाऱ्या चीनची मागणी त्या भावाला रोज ओढत असते. लंडनमध्ये आजही जो भाव प्रमाण मानला जातो तो तीन महिन्यांनंतरच्या मालाचा. यामागचे कारण रंजक आहे. चिलीहून तांबे आणि मलायाहून कथील घेऊन निघालेल्या जहाजाला इंग्लंडच्या बंदरात पोहोचायला सुमारे तेवढा काळ लागत असे. जहाज समुद्रात असताना भाव कोसळला तर व्यापारी बुडू नये, म्हणून माल पोहोचण्याआधीच तो विकून ठेवण्याची सोय झाली. वायद्याचा जन्म असा मालाच्या चिंतेतून झाला. पैजा त्यावर नंतर लागल्या.

लंडनचा भाव डॉलरमध्ये असतो. आपल्याकडे येताना तो विनिमय दराने गुणला जातो आणि त्यात आयात शुल्क, वाहतूक, स्थानिक मागणी यांची भर पडते. त्यामुळे लंडनमध्ये तांबे जागचे हलले नाही तरी रुपया दोन टक्क्यांनी घसरला की भारतातील तांबे जवळपास तेवढेच महागते. तांब्याचा वायदा घेणारा माणूस नकळत रुपयाचाही वायदा घेत असतो. मुंबईतील हा बाजार रात्री साडेअकरा-बारापर्यंत उघडा ठेवावा लागतो, याचेही कारण हेच: भाव ठरवणारे लोक तेव्हा जागे असतात.

आणि कधी कधी भाव ठरवणारा एकच माणूस असतो. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी आयात तांब्यावर पन्नास टक्के शुल्क लावण्याची घोषणा केली. न्यूयॉर्कच्या कॉमेक्स बाजारातील तांबे लंडनच्या तांब्यापेक्षा कितीतरी महाग झाले. शुल्क लागू होण्याआधी अमेरिकेत माल पोहोचवण्यासाठी व्यापाऱ्यांची धावपळ उडाली. महिना संपता संपता प्रत्यक्ष आदेश निघाला, तेव्हा त्यात तारा, नळ्या यांसारख्या अर्धसिद्ध वस्तूंवर शुल्क होते. शुद्ध तांबे त्यातून वगळले होते. न्यूयॉर्कचा भाव एका दिवसात वीस टक्क्यांहून अधिक कोसळला, लंडनचा फारसा हलला नाही. तांबे तेच, शुद्धता तीच, आणि दोन शहरांतील भावांत आधी दरी, मग ती दरी गायब. आलेखावरच्या कोणत्या रेषेत हा आदेश दिसला असता?

तिसरे मूलतत्त्व सर्वांत दुर्लक्षित आहे: सौदा संपतो कसा. २०१९ पर्यंत एमसीएक्सवरील या धातूंचे वायदे पैशांत मिटत असत. लंडनचा भाव आणि डॉलरचा दर यांवरून अखेरचा हिशेब होई, धातू कुणी पाहत नसे. त्या वर्षी टप्प्याटप्प्याने प्रत्यक्ष पोच सक्तीची झाली. मुदत संपेपर्यंत ज्याने सौदा मोडला नाही त्याने माल द्यायचा किंवा घ्यायचा. तांबे ठाणे जिल्ह्यातील मान्यताप्राप्त गोदामांत ठेवले जाते, आणि पोच घेण्यासाठी वस्तू व सेवा कराची नोंदणी लागते. घरी बसून मोबाइलवर सौदा करणाऱ्याकडे ती नोंदणी नसते आणि अडीच टन कॅथोड ठेवायला जागाही नसते. त्याला मुदतीआधी बाहेर पडावेच लागते, मग भाव कसाही असो. ज्याच्याकडे भट्टी आहे त्याला ही अडचण नाही.

करारातील शेवटचे कलम न वाचण्याची किंमत या देशाने एकदा मोजली आहे. वस्तू धातू नव्हती, कच्चे तेल होते, पण धडा तोच. २० एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीमुळे मुंबईचा बाजार संध्याकाळी पाच वाजता बंद झाला होता. तेलाच्या वायद्याचा अखेरचा हिशेब मात्र त्या रात्रीच्या अमेरिकी भावावर व्हायचा होता. तो भाव इतिहासात प्रथमच शून्याच्या खाली गेला. भारतातील वायद्याचा अखेरचा भाव उणे दोन हजार आठशे चौऱ्याऐंशी रुपये पिंप असा ठरला. ज्यांनी दुपारी शेकड्यांत भाव पाहून तेल स्वस्त मिळाले म्हणून विकत घेतले होते, त्यांनी घातलेले पैसे तर गेलेच, वर आणखी भरावे लागले. बाजार बंद असल्याने त्यांना बाहेर पडण्याचीही संधी नव्हती.

लंडनच्या जुन्या आणि प्रतिष्ठित बाजारालाही असेच धक्के बसले आहेत. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवरील आक्रमणानंतर, निकेलचा भाव काही तासांत टनामागे एक लाख डॉलरच्या पुढे गेला. एका मोठ्या चिनी उत्पादकाने भाव उतरेल या अपेक्षेने प्रचंड विक्री करून ठेवली होती आणि आता ती भरून काढण्यासाठी खरेदी सुरू झाली होती. बाजाराने व्यवहार थांबवले आणि ८ मार्चच्या सकाळी झालेले सौदे रद्द करून टाकले. ज्यांनी त्या सकाळी नफा कमावला होता त्यांचा नफा कागदावरून पुसला गेला. ते न्यायालयात गेले आणि हरले. बाजाराला तसा अधिकार होता, असे इंग्लंडच्या न्यायालयांनी मान्य केले. पुढच्याच वर्षी रॉटरडॅममधील एका गोदामात निकेल म्हणून नोंदवलेल्या पोत्यांत दगड निघाले. त्याआधी २०१४ मध्ये चीनच्या चिंगदाओ बंदरात एकच धातूचा साठा अनेक कर्जांसाठी तारण ठेवल्याचे उघड झाले होते. आपल्याकडे २०१३ मध्ये नॅशनल स्पॉट एक्स्चेंज कोसळले, तेव्हा सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले आणि गोदामांत दाखवलेला बराच माल सापडलाच नाही. तो बाजार शेतमालाचा होता, पण पावतीवर विश्वास ठेवायचा की पोते उघडून पाहायचे, हा प्रश्न सगळीकडे सारखाच आहे. वायद्याच्या भावाखाली शेवटी एक गोदाम असते. त्या गोदामाची तपासणी किती चोख, यावर त्या भावाची विश्वासार्हता ठरते. सेबीने या कामावर जितके मनुष्यबळ लावले तितके थोडेच.

जाता जाता आणखी एक गैरसमज. तांब्याचा भाव वाढला म्हणजे तांब्याच्या कारखान्याची चांदी झाली, असे मानून अनेक जण त्या कंपन्यांचे समभाग घेतात. भारतातील मोठे तांबे-कारखाने प्रामुख्याने परदेशातून खनिजाचा सांद्र विकत घेऊन तो वितळवतात. देशात तांब्याचे खनिज काढणारी कंपनी हिंदुस्थान कॉपर. तिच्या मलांजखंड, खेत्री आणि घाटशिला येथील खाणींचे उत्पन्न देशाच्या गरजेपुढे अल्प आहे. सांद्र वितळवणाऱ्याला धातूचा भाव वाढण्याचा लाभ फारसा मिळत नाही, कारण खनिजही त्याच भावाने घ्यावे लागते. त्याचे उत्पन्न म्हणजे वितळवण्याची मजुरी. जागतिक करारांत ती २०२४ साठी टनामागे ८० डॉलर ठरली होती, २०२५ साठी ती २१.२५ डॉलरवर आली. चीनने भट्ट्या इतक्या उभारल्या की खनिजच अपुरे पडू लागले. धातू महाग आणि तो बनवणारा अडचणीत, असे चित्र एकाच वेळी दिसू शकते. तुतिकोरीन येथील वार्षिक चार लाख टन क्षमतेचा कारखाना मे २०१८ मध्ये बंद झाला. प्रदूषणाविरुद्धच्या आंदोलनावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात तेरा माणसे मेली होती. कारखाना बंद होण्यामागे ती किंमत होती. त्यानंतर निर्यातदार असलेला आपला देश शुद्ध तांब्याचा आयातदार झाला. हेही धातूच्या व्यापाराचे मूलतत्त्वच आहे, आणि ते कोणत्याही आलेखावर उमटत नाही.

आता ज्यांच्यासाठी हे सगळे असायला हवे होते त्यांच्याकडे वळतो.

कोइमतूर हे पंप आणि मोटारींचे शहर आहे. तेथील एका छोट्या पंप-उत्पादकाशी मी बोललो, तेव्हा त्यांनी आपले दरपत्रक पुढे केले. तळाशी शिक्का होता: दर सात दिवसांपुरतेच वैध. मोटारीच्या गुंडाळणीत तांब्याची तार असते आणि छोट्या मोटारीच्या खर्चात तिचा वाटा मोठा. सात दिवसांत गिऱ्हाईक हो म्हणाले तर हे गृहस्थ त्याच दिवशी तारेची खरेदी करतात, बहुधा कर्ज काढून, आणि तीन महिने त्या मालावर व्याज भरतात. सरकारी निविदेत ही मुभा नसते. दर एप्रिलमध्ये भरायचा, पुरवठा जुलैत करायचा. ट्रान्सफॉर्मर आणि केबल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या करारांत धातूच्या निर्देशांकाशी बांधलेले भावफरकाचे कलम असते. त्यांच्याकडून काम घेणाऱ्या लहान पुरवठादाराच्या करारात ते क्वचितच उतरते. साखळीच्या वरच्या टोकाला जोखीम झटकता येते, खालच्या टोकाला ती साठते.

वायद्याचा खरा उपयोग इथे आहे. समजा, या गृहस्थांना जुलैत पाच टन तांबे लागणार आहे आणि त्यांनी हजार रुपये किलो धरून दर भरला आहे. त्यांनी आज जुलैचे दोन वायदे विकत घेतले. जुलैपर्यंत भाव एक हजार ऐंशी झाला, तर तार घेताना त्यांना चार लाख जास्त द्यावे लागतील आणि वायद्यात साधारण चार लाख मिळतील. भाव नऊशे वीसवर आला, तर वायद्यात चार लाख जातील आणि तार चार लाखांनी स्वस्त मिळेल. दोन्ही बाजूंनी त्यांचा भाव हजारच राहिला. त्यांना तांब्यात नफा नकोच असतो. त्यांचा नफा पंपात आहे. हिशेब अगदी तंतोतंत जुळत नाही. वायदा कॅथोडचा असतो, त्यांना तार हवी असते. गोदाम ठाण्याला, कारखाना तमिळनाडूत. तरीही ऐंशी रुपयांच्या धक्क्याऐवजी पाच-दहा रुपयांचा फरक सोसणे कुणालाही परवडेल.

मग ते असे का करत नाहीत? त्यांचे उत्तर मला कोणत्याही अहवालात वाचायला मिळाले नव्हते. ते म्हणाले, “भाव चढला तर प्रश्नच नाही. पण भाव उतरला तर वायद्याचे पैसे मला रोजच्या रोज भरावे लागतात, आणि स्वस्त तांब्याचा फायदा मात्र तीन महिन्यांनी, पंपाचे बिल वसूल झाल्यावर दिसतो. मधले तीन महिने मला पैसे कोण देणार? बँकेला मी वायद्याचे नाव जरी सांगितले तरी साहेब म्हणतात, सट्टा खेळता का?”

बँकेचा अधिकारी मूर्ख नसतो. सट्टा आणि संरक्षण यांचा कागद बाहेरून सारखाच दिसतो: तोच वायदा, तोच दलाल, तीच पावती. फरक कळायला त्या माणसाच्या हातात पंपाची मागणी आहे की नाही, हे पाहावे लागते. ते पाहण्याचे प्रशिक्षण त्या अधिकाऱ्याला कुणी दिलेले नाही. परिणाम विचित्र आहे. पाच टन तांबे विकत घेऊन ते अंगणात रचून ठेवायला बँक कर्ज देते. तीच जोखीम कमी पैशांत टाळायला देत नाही.

जामनगरची कथा याहून बोलकी आहे. पितळेचे छोटे सुटे भाग बनवणारे हजारो लहान कारखाने तिथे आहेत. त्यांचा कच्चा माल मोठ्या प्रमाणावर परदेशातून येणारी भंगार पितळ. मार्च २०१८ मध्ये एमसीएक्सने खास पितळेचा वायदा सुरू केला. जगातील तो पहिलाच, असे अभिमानाने सांगितले गेले. पोच जामनगरलाच ठेवली होती. कल्पना उत्तम होती. ती रुजली नाही. माझ्या मते त्याची कारणे बाजारात नव्हे, बाजाराबाहेर होती. भंगार दहा प्रकारचे असते आणि वायदा एका प्रकारचा. कारखाने उधारीवर चालतात आणि वायदा रोखीवर. आणि कारखानदाराला हे सगळे त्याच्या भाषेत, त्याच्या वहीतील आकडे घेऊन, महिनोन्‌महिने समजावून सांगणारा माणूस तिथे नव्हता. एक उद्घाटन आणि काही चर्चासत्रे यांनी व्यापाराची रीत बदलत नाही.

मुरादाबादेत जोखीम आणखी एक पायरी खाली उतरते. तिथले निर्यातदार परदेशी ग्राहकाशी हंगामाआधी काही महिने डॉलरमध्ये दर ठरवतात. मधल्या काळात पितळ महागले की ग्राहक दर वाढवून देत नाही. निर्यातदार मग पितळ पातळ करतो, किंवा ॲल्युमिनियमकडे आणि लोखंडाकडे वळतो, किंवा नगावर काम करणाऱ्या कारागिराच्या मजुरीत घासाघीस करतो. नक्षी कोरणाऱ्या त्या हातांना लंडनचा बाजार कुठे आहे हे ठाऊक नाही, पण त्या बाजाराचा चढउतार शेवटी त्यांच्याच मजुरीतून वळता होतो. ज्याच्यापाशी जोखीम सोसण्याची ताकद सर्वांत कमी, त्याच्यापाशी ती येऊन थांबते. राजस्थानातील झावर येथे युरोपच्या कितीतरी आधी जस्त ऊर्ध्वपातनाने वेगळे काढले जात होते, मातीच्या मुशींचे ढीग तिथे आजही दिसतात. धातू जाणणाऱ्या अशा देशातले हे कारागीर आहेत.

सट्टेबाज नको, असे माझे म्हणणे नाही. कोइमतूरच्या गृहस्थांना वायदा घ्यायचा असेल तर समोर विकणारा कुणीतरी हवा, आणि तो बहुतेक वेळा नफ्यासाठी आलेलाच असतो. नफ्याची आशा बाळगणारे लोक नसतील तर बाजारात उलाढाल राहणार नाही आणि संरक्षण महाग पडेल. १९५२ च्या वायदे करार कायद्यानंतरच्या काळात आपण बहुतेक वस्तूंचे वायदे बंदच करून टाकले होते. त्यातून सट्टा संपला नाही, फक्त अंधारात गेला. २००३ मध्ये बंदी उठली, २०१५ मध्ये वायदे बाजार आयोग सेबीत विलीन झाला, देखरेख सुधारली. हे सगळे योग्यच झाले. परंतु सट्टेबाज हा या बाजाराचा पाहुणा असायला हवा आणि कारखानदार यजमान. आपल्याकडे यजमान दाराबाहेर उभा आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने समभागांच्या वायदे-ऑप्शन व्यवहारांचा हिशेब प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शंभरांपैकी त्र्याण्णव वैयक्तिक व्यावसायिकांना तोटा झाला होता आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. त्या एका आकड्याने जे काम केले ते शंभर सावधगिरीच्या सूचनांनी केले नव्हते. धातूंच्या वायद्यांचाही असाच हिशेब, प्रत्येक धातूचा वेगळा, दरवर्षी निघाला पाहिजे. त्यात आणखी एक रकाना असावा: या वर्षी किती लहान कारखान्यांनी प्रत्यक्ष मालाच्या संरक्षणासाठी वायदे वापरले. नोंदणीकृत कंपन्यांना आपली वस्तू-जोखीम वार्षिक अहवालात सांगण्याचा नियम सेबीने २०१८ मध्येच केला आहे. लहान उद्योगांच्या बाबतीत ही माहिती गोळा करणे अवघड आहे, पण जीएसटीच्या नोंदी आणि वायद्यांच्या नोंदी जोडून पाहणे आजच्या काळात अशक्य नाही.

त्याहून महत्त्वाचे काम रिझर्व्ह बँकेच्या आणि सरकारी बँकांच्या हाती आहे. ज्याच्याकडे पुरवठ्याची पक्की मागणी आहे, त्याला त्या मागणीच्या प्रमाणात वायद्याची अनामत आणि रोजचा फरक भरण्यासाठी वेगळी कर्जमर्यादा मिळावी. मागणीपत्र बँकेकडे तारण, वायदा बँकेच्या नजरेखाली, मर्यादा तेवढ्याच टनांची. यात सट्ट्याला जागा उरत नाही. तांब्याचा अडीचशे किलोचा छोटा वायदा एकेकाळी चालत असे. पोच सक्तीची झाली त्या बदलात तो मागे पडला. जस्त, शिसे आणि ॲल्युमिनियम यांचे एक टनाचे वायदे आहेत, पण महिन्याला तीनशे किलो तांबे लागणाऱ्या माणसाने अडीच टनांचा वायदा घेतला तर तो संरक्षणाच्या नावाखाली सट्टाच होईल. कोइमतूर, जामनगर, मुरादाबाद येथील उत्पादक संघांनी सभासदांच्या लहान गरजा एकत्र करून वायदे घ्यावेत, अशी व्यवस्थाही करता येईल. शेतमालाच्या वायद्यांत शेतकरी उत्पादक कंपन्यांनी हा मार्ग चोखाळून पाहिला आहे.

कोइमतूरहून निघताना मी त्या गृहस्थांना विचारले, बँकेने उद्या अशी मर्यादा दिली तर घ्याल का? त्यांनी लगेच होकार दिला नाही. पहिल्या वर्षी फक्त एका मागणीपुरती घेऊन पाहीन, म्हणाले. जमले तर शिक्क्यावर साताऐवजी तीस दिवस लिहीन. तीस दिवस दर टिकवू शकणाऱ्या पुरवठादाराला निविदा मिळण्याची शक्यता किती वाढते, याचा हिशेब त्यांनी तिथेच, दरपत्रकाच्या मागच्या बाजूला, मला करून दाखवला.